निशिकांत चांदोरकर यांच्या हस्ते

बुधवारी संध्याकाळी सिंगापूरच्या सेरंगून स्टेशनातल्या सरकत्या जिन्यावर निशिकांत चांदोरकरच्या खिशातला फोन पाठोपाठ दोनदा थरथरला. दोन पत्रिका आल्या होत्या. पहिली नेहमीची, शेंदरी, कडेला जास्वंदी, वर ‘सालाबादप्रमाणे’, आणि खाली, श्रींची प्राणप्रतिष्ठा शनिवारी सकाळी ठीक दहा वाजता श्री. निशिकांत चांदोरकर यांच्या हस्ते, स्थळ सेरंगूनचा हॉल. दुसरी चकचकीत, पोपटी. तिच्यातला गणपती कॉम्प्युटरनं काढलेला असावा, कारण त्याच्या एका हाताला सहा बोटं होती. श्रींची प्राणप्रतिष्ठा शनिवारी सकाळी ठीक दहा वाजता आदरणीय श्री. निशिकांत चांदोरकर यांच्या हस्ते, स्थळ बुकित तिमाहमधल्या एका कॉन्डो-सोसायटीची फंक्शन रूम. खोटं कशाला बोला, आधी त्याला बरंच वाटलं. दुसऱ्या पत्रिकेत नावामागे ‘आदरणीय’ होतं, पहिलीत अक्षर मोठं होतं. त्यानं दोन्ही नावं बोटांनी ताणून मोठी करून पाहिली, आणि मग कुठे खालच्या वेळेकडे लक्ष गेलं. माणूस एक, गणपती दोन, आणि वेळ दोन्हीकडे दहाची. जिना संपला तरी पाऊल उचलायचं राहिलं. मागून कुणीतरी “अंकल, मूव्ह लाह,” म्हणत त्याला हलकेच बाजूला केलं आणि घराकडे निघालेली सगळी गर्दी त्याला वळसा घालून जायला लागली.

आता हे दोन गणपती आले कुठून, तर मंडळ फुटलं होतं. मंडळ तसं केवढं, दीडशे घरांचं. बोटींवरचे इंजिनिअर, त्यांचे संसार, आणि अलीकडे पुण्या-मुंबईहून नोकरीचा पास घेऊन आलेली आयटीतली मंडळी. ते उभं केलं रवींद्र राजवाड्यांनी, आणि अकरा वर्षं अध्यक्षही तेच. मंडळाच्या घटनेत अध्यक्षाला दोनच मुदती लिहिलेल्या होत्या, पण दर वेळी कुणीतरी उठून ‘सर्वांच्या आग्रहास्तव’ म्हणायचं आणि टाळ्या पडायच्या. हा उठून म्हणणारा माणूस बहुतेक वेळा निशिकांतच असायचा. मार्चच्या सभेत संग्राम घटनेची प्रत हातात घेऊन उभा राहिला. त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण मग त्यानंच, एकवीस दिवसांची नोटीस वगैरे काही न देता, एका रविवारी आपल्या घरी सभा भरवली आणि नवी कमिटी जाहीर करून टाकली. दोन्हीकडचे लोक घटनेच्या नावानं भांडले आणि एकमेकांशी बोलेनासे झाले. मॉलमध्ये समोरासमोर आले की भाज्यांकडे बघायचे. यातला संग्राम हा निशिकांतचा जावई, आणि रवींद्र राजवाडे म्हणजे त्याचे चीफ.

चीफ म्हणजे खरोखरचे चीफ इंजिनिअर. तेहेतीस वर्षांपूर्वी इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंडिसी बंदरात त्यांची बोट एका सुट्या भागाची वाट बघत एकोणीस दिवस पडून होती. निशिकांत तेव्हा थर्ड इंजिनिअर. तिथे त्याला तार आली: मुलगी झाली, स्मिताची तब्येत बरी नाही. कंपनी बदली माणूस देईना. राजवाड्यांनी कंपनीला कळवलं, थर्डची वॉच मी करतो, याला सोडा. स्वतःचं काम सांभाळून याची इंजिनरूममधली पाळीही त्यांनी सात आठवडे केली, आणि त्याबद्दल नंतर कधी चकार शब्द काढला नाही. निशिकांत घरी पोचला तेव्हा स्मिता वाचली होती आणि मधुरा अकरा दिवसांची झाली होती. पुढे त्याला सिंगापुरात किनाऱ्यावरची नोकरी लावली ती चीफनीच. सहा वर्षांपूर्वी स्मिता गेली तेव्हा चीफच्या पत्नी कुमुदवहिनींनी तेरा दिवस त्याच्या घरी चूल पेटू दिली नाही, रोज सेरंगूनहून पुंगोलला डबा. आता चीफचे हात थरथरतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात आणि तरीही बशीत सांडतो. डिसेंबरात ते कायमचे नाशिकला चालले आहेत. जुलैत त्यांनी फोन केला होता. “निशी, हा माझा इथला शेवटचा गणपती. माझ्या हातात अक्षता ठरत नाहीत रे. तू बसशील ना?” आणि निशिकांत म्हणाला, “अहो चीफ, मी आहे की!” त्यानंतर चार दिवसांनी संग्रामनं जेवताना, पानाकडे बघत विचारलं, “बाबा, आमचा पहिलाच उत्सव आहे. लोक येतात की नाही कळत नाही. तुम्ही पूजेला बसलात तर…” त्याला वाक्य पुरं करू न देता निशिकांत म्हणाला, “अरे, मी आहे की!” त्याला वाटलं होतं, सप्टेंबरपर्यंत हे दोघं एक होतील. आपणच करू. तो दोन्हीकडे गोड बोलत गेला, दोन्हीकडचा चहा प्यायला, आणि दोन्हीकडून निघताना ‘निशिकांत आपल्यातला आहे’ अशी समजूत मागे ठेवून आला.

ब्रिंडिसीनं त्याला आणखी एक माणूस दिला होता. बंदरासमोर पायऱ्या होत्या, पायऱ्यांवर एक उंच जुना खांब, आणि संध्याकाळी तिथे येऊन बसणारा शिपिंग एजंटच्या कचेरीतला म्हातारा कारकून. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला होता, तुम्ही एकोणीस दिवसांनी कंटाळलात? इथे सिसेरो जवळजवळ वर्षभर पडून होता. कोण सिसेरो, हे निशिकांतला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यानं एकेक पुस्तक आणलं आणि बोटीवरच्या बंकमध्ये, पुढे पुंगोलच्या फ्लॅटमध्ये, तो माणूस त्याच्या डोक्यात राहायलाच आला. रोममधला नावाजलेला वक्ता, पुढारी. एका प्रांताची सुभेदारी करून, डोंगरातल्या कुणा टोळ्यांवर लहानसा विजय मिळवून परत आलेला. सैनिकांनी जयजयकार केला म्हणून त्याच्या चोपदारांच्या खांद्यांवरच्या काठ्यांच्या मोळ्यांना लॉरेलच्या डहाळ्या बांधलेल्या, आपल्या तमालपत्राची चुलत भावंडंच ती. आता फक्त शहरात विजयाची मिरवणूक निघायची बाकी होती. पण मिरवणुकीचा हुकूम होईपर्यंत वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही असा तिथला नियम, म्हणून हा वेशीबाहेर थांबला, आणि तेवढ्यात सीझर सैन्य घेऊन नदी उतरला. एकीकडे सीझर, एकीकडे पॉम्पी. दोघंही याचे मित्र, दोघांनाही हा हवा. आणि लाडक्या लेकीचा, तुलियाचा नवरा सीझरच्या गोटात. हा महिनोन्‌महिने किनाऱ्यावरच्या घरात बसून पत्रं लिहीत राहिला. शेवटी पॉम्पीकडे गेला, तेही उशिरा. तिथे जाऊन कुजकट विनोद केले. पॉम्पी हरला, आणि हा परत येऊन ब्रिंडिसीत सीझरच्या माफीची वाट बघत बसला. एवढ्या सगळ्या वेळात ते चोपदार त्याच्या मागून फिरतच होते. त्यांना निरोप द्यायला त्याला जमलं नाही. पानं वाळून चुरा होत असतील, ब्रिंडिसीची पोरं हसत असतील. निशिकांतला त्या माणसाची कीव यायची, रागही यायचा. अरे बाबा, पाठव ना त्यांना घरी, असं तो पुस्तक पोटावर पालथं ठेवून मनातल्या मनात कितीदा म्हणाला असेल.

गुरुवारी त्यानं दोनदा चीफचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. शुक्रवारी दुपारी मधुराचाच फोन आला. पलीकडे इराची बडबड चालू होती, “आजोबा, यू कमिंग टू अवर वन, राइट? ममा से शुअर कमिंग वन!” आणि मग मधुरानं दार लोटून घेतल्याचा आवाज. “बाबा, पत्रिका बघितल्यात ना दोन्ही?” “बघितल्या.” “मग?” निशिकांत म्हणाला, “तूच सांग बाई, काय करू?” ती म्हणाली, “मी काय सांगणार? मी सांगितलं की उद्या तुम्ही म्हणाल, मधुरा म्हणाली म्हणून.” “तसं नाही गं. संग्राम चिडेल का?” “चिडला तर बरं की हो! तो चिडत नाही, तो बोलायचं बंद करतो. मागच्या दिवाळीत सतरा दिवस. इरा मध्ये बसून निरोप पोचवत होती, पपा आस्किंग व्हेअर इज द चार्जर. सतरा दिवस, बाबा. मला आता नाही झेपणार पुन्हा.” तिचा आवाज चिरकला आणि लगेच सावरला. “जाऊ दे. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” फोन ठेवल्यावर तो खिडकीशी उभा राहिला. खाली पुंगोलच्या कालव्याकाठी लहान लहान मुलं सायकली शिकत होती आणि त्यांच्या मागून सीट धरून आईबाप वाकून पळत होते. ब्रिंडिसीच्या मुक्कामात तुलिया बापाला भेटायला आली होती. नवऱ्याच्या घरी तिचं धड चाललेलं नव्हतं. एवढा बोलका माणूस, पण पोटच्या पोरीपुढे त्याची वाचा बसली. आपल्या धरसोडीपायी तिची ही दशा झाली असं त्याला वाटत राहिलं. निशिकांत रडला. खिडकीशी उभं राहून चांगला दोन-चार मिनिटं रडला, आणि मग त्यानं सोवळं कपाटातून काढून पिशवीत ठेवलं.

शनिवारी सकाळी आठला तो झब्बा घालून घराबाहेर पडला, खालून एलआरटीत बसला, आणि पुंगोलचं मोठं स्टेशन आलं तेव्हा उतरला नाही. ती लहानशी गाडी वर्तुळातच फिरते, ड्रायव्हर नाही, काही नाही. पुंगोलहून निघते, इमारतींच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यांवरून वळसा घेते आणि पुंगोललाच येते. बसून राहिलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. खिडकीतून लोकांची वाळत घातलेली कापडं, कुणाची तुळस, कुणाचा लाल देव्हारा जवळून गेला. ऊन गुडघ्यावर आलं आणि रात्रभर न झालेली झोप डोळ्यांवर आली. समोरच्या बाकावर एक म्हातारा पांढरंशुभ्र काहीतरी अंगाभोवती लपेटून बसला होता. त्याच्या मागे दाराशी काठ्यांच्या मोळ्या खांद्यावर घेतलेली माणसं दाटीवाटीनं उभी होती, आणि गाडी वळली की मोळ्यांवरची वाळकी पानं फरशीवर पडत होती. एक बाई बाळाची गाडी त्या पानांवरून ढकलत गेली आणि चुरचुर आवाज झाला. निशिकांतनं त्याला विचारलं, आणि विचारलं ते मराठीतच, “अहो, यांना घरी का पाठवत नाही तुम्ही?” म्हातारा ओशाळून हसला. म्हणाला, “मिरवणूक व्हायची राहिली आहे ना. आणि पाठवलं तर मी सिसेरो आहे हे लोकांना कळायचं कसं?” इतकं साधं उत्तर. निशिकांत ताडकन जागा झाला. समोरच्या बाकावर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी फोन बघत होती. पण उत्तर खरं होतं, आणि ते त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याचं नव्हतं. बुधवारी रात्रीच दोघांनाही फोन करून ‘माझं नाव काढा’ म्हणायला काय झालं होतं? धर्मसंकट कसलं आलंय डोंबलाचं! त्याला दोन्हीकडे बसायचं होतं. दोन्ही पत्रिकांवर नाव राहू द्यायचं होतं. चीफचा निशी आणि संग्रामचे आदरणीय बाबा, दोघंही त्याला सोडवत नव्हते. तेहेतीस वर्षं ज्याच्या उपकाराखाली आहोत तो माणूस डिसेंबरात जाणार, आणि आपण पिशवीत सोवळं घेऊन गोल गोल फिरतो आहोत, याची त्याला मनापासून लाज वाटली.

पुढच्या वेळी पुंगोल आलं तेव्हा तो उतरला. नऊ वाजून सात मिनिटं. नॉर्थ-ईस्ट लाइनच्या गाडीत बसायला जागा होती, पण तो दाराशी उभा राहिला. सेंगकांग, बुआंगकोक, हौगांग, कोवान. सेरंगूनला उतरलं की चीफ. न उतरता लिटल इंडियापर्यंत जाऊन गाडी बदलली की मधुरा. गाडीच्या काचेत त्याला आपला झब्बा दिसत होता. चीफ सेरंगूनच्या हॉलमध्ये खुर्ची टाकून दाराकडे डोळे लावून बसले असतील. कुमुदवहिनी म्हणत असतील, येईल हो, निशिकांतभावजी कधी उशीर करतात का. आणि बुकित तिमाहला मधुरा साडी सावरत लोकांना पेढे देत असेल, कुणी विचारलं ‘बाबा नाही आले?’ की काहीतरी हसून सांगत असेल, आणि संध्याकाळपासून घरात ती शांतता सुरू होईल. चीफ माफ करतील. हे मनात आलं आणि त्याला फार वाईट वाटलं, कारण माफ करतील म्हणूनच तो त्यांना टाळू शकत होता. सेरंगून आलं. दारं उघडली. बरेच लोक उतरले, एका बाईच्या हातातली दूर्वांची जुडी त्याच्या बाहीला घासून गेली, आणि ती मंडळातलीच कुणी असावी असं वाटून त्यानं मान फिरवली. दारं मिटेपर्यंतचा तो वेळ त्याला फार लांब वाटला. पोरीसाठी, तो मनात म्हणाला. दुसऱ्या कशासाठी नाही, पोरीसाठी. गाडी सुटली.

कॉन्डोच्या फाटकापाशी संग्राम स्वतः उभा होता. आत स्वागताला चार माणसं होती, माइक होता, पण सासऱ्याला दुरून येताना बघून तो रस्त्यापर्यंत चालत आला आणि त्यानं वाकून नमस्कार केला. सिसेरोचा ब्रिंडिसीतला तो वर्षभराचा मुक्काम असाच संपला होता. सीझरनं त्याला रस्त्यात बघून घोडा सोडला आणि त्याच्याबरोबर बराच वेळ पायी चालत गेला. काय बोलले असतील दोघं, हे निशिकांतला नेहमी वाटायचं. संग्राम नुसता पिशवी हातात घेऊन शेजारून चालत होता. पोहण्याच्या तलावाजवळून जाताना म्हणाला, “धूप लावायचा नाही असं सांगितलंय. स्मोक डिटेक्टर वाजतो.” “बरं.” “लोक आलेत, बाबा. नव्वद तरी असतील.” “अरे वा! छान झालं की.” फंक्शन रूमच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. निशिकांतनं आत डोकावून पाहिलं. मखर, समया, ओळखीचे-बिनओळखीचे चेहरे. “मधुरा कुठे आहे रे? आत आहे का?”

संग्रामनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “नाही. ती सेरंगूनला गेली. इराला घेऊन.”

“सेरंगूनला? राजवाड्यांकडे?”

“साडेआठलाच गेली. म्हणाली, बाबा माझ्यासाठी म्हणून इकडेच येणार, मला ठाऊक आहे. मग तिकडे त्यांच्या जागेवर घरातलं कुणीतरी बसायला नको का?” तो चपलांकडे बघत बोलत होता. “मी म्हटलं, लोक विचारतील. म्हणाली, विचारू देत.”

पोरीनं त्याला बरोबर ओळखलं होतं. तो काय करणार, कोणाचं नाव पुढे करून करणार, सगळं. आणि त्याचं जे काम होतं ते उचलून, सतरा दिवसांची शांतता डोक्यावर घेऊन, ती मुकाट्यानं निघून गेली होती. निशिकांतला वाटलं, परत फिरावं, टॅक्सी करावी. पण आतून कुणीतरी त्याला पाहिलं होतं आणि माइकवर त्याचं नाव पुकारलं गेलं होतं, आदरणीय वगैरे सगळ्यासकट. त्यानं सोवळं नेसलं ते कुठल्याशा कपड्यांच्या लहान खोलीत, झाडूंच्या शेजारी. येऊन पाटावर बसला. प्रबोध नावाचा मुलगा गुरुजी झाला होता, एरवी तो बँकेत काम करतो आणि सणावाराला पूजा सांगतो. “काका, उजव्या हातात पाणी घ्या. आपण संकल्प करू. मी सोडा म्हणेन तेव्हा ताम्हनात सोडायचं.” संग्राम शेजारी बसून पळीनं त्याच्या तळहातावर पाणी घालत होता. त्याचा चेहरा इतक्या जवळून निशिकांतनं कधी पाहिला नव्हता. मुलाखतीला आलेल्या पोरासारखा दिसत होता तो. वाकून, ओठ न हलवता त्यानं विचारलं, “बाबा, ती परत येईल ना?”

जावई झाल्यापासूनच्या आठ वर्षांत त्यानं सासऱ्याला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. गोड उत्तर निशिकांतच्या जिभेवर आलंच होतं, येईल रे, मी बोलतो तिच्याशी. त्यानं ते गिळलं.

“मला नाही माहीत,” तो म्हणाला. “तू जाऊन विचार तिला.”

“संध्याकाळी विचारतो.”

“आत्ता जा.”

“आत्ता?” संग्रामनं मागे वळून लोकांकडे बघितलं. “आणि हे सगळं?”

“हे माझ्या हातून व्हायचंय ना? पत्रिकेत तसंच लिहिलंय. मी उठत नाही इथून. तू सेरंगूनला जा. चीफना माझा नमस्कार सांग आणि सांग, निशी आला नाही, त्याची हिंमत झाली नाही. असंच सांग, याच शब्दांत. आणि मग तिच्या शेजारी बस.”

“काय बोलू पण मी तिथे?”

“काही नको बोलूस सुरुवातीला. बस नुसता. पण तिच्या शेजारी बस.”

संग्राम पळी हातात धरून तसाच राहिला. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यानं पळी पंचपात्रात ठेवली, उठला, लोकांच्या मधून वाट काढत दाराशी गेला आणि त्या नव्वद माणसांच्या चपलांमध्ये आपले बूट शोधायला लागला. खोलीत कुजबुज सुरू झाली.

“काका,” प्रबोध हळूच म्हणाला, “हातातलं पाणी सांडतंय.”

“सांडू दे,” निशिकांत म्हणाला. “आधी त्याला बूट सापडू देत.”